दुसऱ्या डब्याचा ट्रान्सफॉर्मर

कोल्हापूर
१६ मार्च १९८१

प्रिय दिलदार,

आपाचा दुवा. हे पत्र शनिवारच्या आत तुझ्या हातात पडायलाच हवं, म्हणून आज दुपारच्या आत पेटीत टाकणार आहे. सकाळपासून दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. एकदा अब्बांना चहा हवा होता. दुसऱ्यांदा कुणालाच काही नको होतं, मीच उठले आणि भरलेली घागर ओतून पुन्हा भरून आणली. हल्ली असंच होतं. एका जागी बसवत नाही, आणि उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही.

आधी घरचं सांगते. अब्बांच्या डाव्या डोळ्याची पट्टी निघाली. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसतात म्हणतात, पण वेळ मलाच विचारतात. रोज अकराच्या सुमाराला लक्ष्मीपुरीत जाऊन आपल्या बंद रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाचं कुलूप ओढून बघतात आणि परत येतात. कुठं गेला होता म्हटलं की, ‘पाय मोकळे केले.’ हुबळीत त्या माइकवाल्याकडं तुझं कसं चाललंय? तिथली भाकरी जाड असते म्हणून लिहिलं होतंस, त्यापलीकडं तुझ्या पत्रात काहीच नव्हतं. चार ओळी, त्यातल्या दोन अब्बांच्या डोळ्याबद्दल. मला तर एक अक्षर नाही. रागावला असतास तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं.

मी तार गुंडाळायच्या मशीनवर बसणं सोडलंय. डिसेंबरापासून त्यावर जुनी चादर टाकून ठेवली आहे. पंपवाले दोनदा येऊन गेले, आपा, एवढा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून द्या म्हणाले. हात दुखतो म्हणून सांगितलं. अब्बांनाही तेच सांगितलं होतं. हात दुखत नव्हता, दिलदार.

सासरहून मी परत आले ते वर्ष तुला आठवत असेल. मी दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका दारातून डोकावून अम्माला विचारायच्या, ‘किती दिस ऱ्हाणार हाय पोरगी?’ एका संध्याकाळी तू ते मशीन डोक्यावर घेऊन आलास. बॉबिन कसं चढवायचं, तार किती ताणायची, वेढे मोजणारा काटा शून्यावर कसा आणायचा, सगळं तूच शिकवलंस. अम्मा गेली त्याच्या आदल्या महिन्यात मी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर तू तिच्या हातात दिलास आणि म्हणालास, ‘बघ, बाजारातल्यापेक्षा सरस हाय.’ त्या दिवसापासून मी या घरात पाहुणी नव्हते. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिते, कारण पुढचं त्याशिवाय तुला कळणार नाही.

शिरोलीच्या फाउंड्रीतला कृष्णात तुझ्याकडं आला तेव्हा मी तुझा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आले होते. त्याला स्टिरिओ हवा होता. डावीकडं एक स्पीकर, उजवीकडं एक, आणि प्रत्येकाजवळ स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. खोली एवढीशी, म्हणून डबा विटेएवढाच पाहिजे, फळीवर मावला पाहिजे. तू म्हणालास, दोन्हींना मिळून एक मोठा ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली ठेवू, तिथनं वायरी वर नेऊ. त्याला वायरी नको होत्या. मग तू म्हणालास, प्रत्येक डब्यात वेगळा ट्रान्सफॉर्मर घालू, पण डबा बोटभर मोठा करू, नाहीतर तार मावायची नाही. तेव्हा मधे कोण बोललं? मीच. ‘बसवते मी. डबा वाढवायला नको.’ कृष्णात हसला आणि म्हणाला, ‘आपा म्हणत्यात म्हटल्यावर बसतंय की!’ मला किती बरं वाटलं होतं ते.

पहिला बसला. घट्ट बसला, पण बसला. दुसरा बसेना. आतली तार, तिच्यावर वीज अडवणाऱ्या इन्सुलेशनच्या कागदाचे तीन थर, वर दुसरी तार, एवढं झाल्यावर लोखंडी पट्ट्या आत सरकायलाच तयार नाहीत. दिवाळी चार दिवसांवर आलेली, कृष्णात दोनदा चौकशी करून गेलेला. तू विचारलंस, ‘आपा, जमतंय का? न्हायतर सांगतो त्याला.’ मी म्हटलं, जमतंय. वरची तार उलगडली, तीनपैकी दोन थर काढले, एकच ठेवला आणि पुन्हा गुंडाळलं. पट्ट्या सुरळीत आत गेल्या. तू बल्ब लावून तपासलास, सगळं ठीक निघालं. घरातल्या दोनशे तीस व्होल्टमध्ये आणि त्या पत्र्याच्या डब्यामध्ये आता एक कागद उरला होता, आणि ते जगात फक्त मला माहीत होतं.

कृष्णातची आई, चिमणाबाई, डिसेंबरात ओल्या फडक्यानं फळी पुसत होती. डब्याला हात लागला आणि ती उंबऱ्यावर फेकली गेली. मनगट मोडलं, तळवा भाजला. कृष्णात आपल्याकडं येऊन दारातच ओरडला, ‘म्हातारीचा जीव घेतला असतास की रं!’ गल्ली गोळा झाली होती. मी आत चुलीपाशी उभी होते. तू सरळ म्हणालास, ‘चूक माझी हाय. जोडणी माझ्याकडनं चुकली.’ मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतंय. मी बाहेर आले नाही. पाय उचलले असते तर चार पावलं होती.

मग लोकांनी दुरुस्तीला टाकलेले रेडिओ परत नेले. मग आजऱ्याहून मीरासाबचाचांची चिठ्ठी आली, की ज्याच्या चुकीनं एक बाई मरता मरता वाचली त्याच्या घरात मुलगी रोशनबी देणार नाही. तू तो कागद घडी करून खिशात ठेवलास, आणि आठ दिवसांनी हुबळीच्या गाडीत बसलास. मी तुला शिदोरी बांधून दिली. तेव्हाही बोलले नाही.

तू गेल्यावर तुझी हत्यारांची पेटी आवरताना तळाशी चिंधीत बांधलेला, कृष्णातच्या दुसऱ्या डब्यातला तो ट्रान्सफॉर्मर सापडला. ब्लेडनं नीट कापून उघडलेला. वरची तार बाजूला केलेली आणि खाली एकच कागद, जळून काळा झालेला. म्हणजे तुला माहीत होतं. दारात कृष्णातसमोर उभा राहिलास तेव्हाही माहीत होतं की नंतर कळलं, ते तूच सांग.

गेल्या मंगळवारी मी उत्तरेश्वर पेठेत चिमणाबाईंकडं गेले. दारात बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होत्या. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी तांदळातला एक खडा काढून उंबऱ्याबाहेर टाकला. मग म्हणाल्या, ‘मग त्या पोराला आमी एवढं घालून पाडून बोललो, त्यानं ऐकून कशापायी घेतलं?’ उठताना मी माफी मागितली तर म्हणाल्या, ‘माफ केलं असं म्या न्हाय म्हणणार. बोटं वळाय लागली की मग ये इचाराय.’ तेवढ्यात कृष्णात पाळीवरून आला. ओरडला नाही. फळीवरचा चांगला डबा काढून माझ्या हातात दिला, ‘ह्यो बी घिऊन जावा. गाणी ऐकायची हौस फिटली आमची.’ तो डबा मी पदराखाली धरून घरी आणला. रस्ताभर वाटत होतं, सगळे माझ्याकडंच बघताहेत.

शुक्रवारी अब्बांना सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘मला तेव्हाच कळलं असतं तर मी तुला परत मशीनवर बसू दिलं नसतं. दिलदारला ते ठाऊक होतं. म्हणून त्यानं मला बी सांगितलं न्हाय.’ हे ऐकल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आणि शनिवारी मी एकटीच एसटीनं आजऱ्याला गेले. मीरासाबचाचा काजूच्या कारखान्यातून जेवायला घरी आले होते. त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं. रोशनबी पाणी घेऊन आली आणि तिथंच दाराला टेकून उभी राहिली. तिच्या आईनं दोनदा हाक मारली तरी हलली नाही. मी कापलेला ट्रान्सफॉर्मर सोबत नेला होता. तो चटईवर ठेवला, जळलेला कागद दाखवला, आणि तो माझ्या हातचा आहे असं सांगितलं. चाचांनी उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, ‘पोरी, भावासाठी बहीण खोटं बोलती, बहिणीसाठी भाऊ बोलतोय. मी कुणाचं खरं धरू? आता मी त्याच्याच तोंडनं ऐकतो.’

येत्या रविवारी ते हुबळीला तुझ्याकडं येणार आहेत. मला ठाऊक आहे, त्यांना समोर बघून तू काय म्हणशील ते. आपाचं मन हळवं आहे, ती माझ्यासाठी असं बोलते, चूक माझीच होती. हेच म्हणशील, आणि ते विश्वास ठेवतील, कारण तुझा चेहरा तसा आहे. दिलदार, तसं म्हणू नकोस. हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिते आहे. तू मला एकदा सावरलंस, दुसऱ्यांदा सावरलंस, तिसऱ्यांदा नको. लग्न जमो न जमो, ते तुझ्या आणि रोशनबीच्या नशिबाचं. पण चाचांनी विचारलं की खरं ते सांग, आणि मग मला एक पत्र लिही. त्यात भाकरीचं काही नको. तुला माझा किती राग आला होता, तेवढं लिही.

तुझीच,
शमशाद आपा