काढणीआधी फवारणी बंद

२ नोव्हेंबर २००७
नवी वही. संकल्प: सिगारेट बंद, मिसळ बंद, चिडणे बंद.

सकाळी गंगापूर रोडला, पोटाच्या डॉक्टर देवरे मॅडमकडे. मला क्रोन्स आहे. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर चालून जाते. तिला आवरायला दर दोन महिन्यांनी सलाईनमधून बायोलॉजिक नावाचं औषध घेतो. दुकानात मी जैविक कीडनाशकं विकतो, त्यामुळे विषय माझ्या हातातला आहे. मॅडम म्हणाल्या, डोस चांगला लागू पडलाय, पण आतड्याचा एक जुना तुकडा कायमचा आवळलाय. तो कापून दोन्ही टोकं जोडावी लागतील. सर्जन डॉ. आहेर म्हणाले, सगळं नीट राहिलं तर एकाच ऑपरेशनात काम होईल. नाही तर काही महिने पोटावर पिशवी. पिशवीत काय जमा होतं तेही सांगितलं. त्यापुढचं मी ऐकलं नाही.

पिशवी लावून घेणार नाही. गल्ल्यावर बसणारा माणूस आहे मी. ओझरला खंडेराव कृषी सेवा केंद्र विचारा, कुणीही सांगेल.

येताना मिसळ. शेवटची.

५ नोव्हेंबर
दुकानात गोटीराम, द्राक्षबागवाला. म्हणाला, शेठ, बाग लय झ्याक दिसत व्हती म्हून दोन फवारण्या सोडल्या, आन आता समदीकडं डाऊनीची बुरशी पसरली. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर झापला. कुणाला विचारून बंद केलंस? बाग चांगली दिसते ती औषधामुळेच दिसते ना? अक्कल गहाण टाकलीस का? गोटीराम खाली मान घालून उभा. महेश म्हणाला, बाबा, हळू. पोराने बी.एस्सी. ॲग्री केलंय, पण शेतकऱ्याशी कसं बोलायचं ते शिकवत नाहीत तिथे.

पेंटरकडून पाटी करून घेतली: ‘शेड्यूल मोडू नये. विचारल्याशिवाय डोस बंद करू नये. – खंडेराव.’ पेंटर म्हणाला, मजकूर मोठा काढू की नाव? नाव.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
सिगारेट दुकानामागे एक. सणाची धरत नाही.

ऑपरेशन १० जानेवारीला ठरलं. त्याआधीचा डोस ४ डिसेंबरला. मॅडमनी बजावलं, तारखा मुद्दाम अशा बसवल्यात, डोस चुकवायचा नाही, मनाने काही बंद नाही, मनाने काही सुरू नाही. ताप आला, फोड आला, दाढ दुखली, कुणाचं चूर्ण घेतलं, सगळं सांगायचं. एवढ्या चौकशा! मी काय दरोडेखोर आहे?

१९ नोव्हेंबर
आज डोक्यात वीज चमकली.

एक्स्पोर्टला द्राक्षं पाठवणारा एक शेतकरी औषध न्यायला आला होता. त्याला नेहमीचं समजावत होतो: काढणीआधी ठरावीक दिवस फवारणी बंद, नाहीतर औषधाचा अंश राहतो आणि माल नापास होतो. बोलता बोलता थांबलो. द्राक्षाला कात्री लावायच्या आधी औषध बंद. मग माणसाला लावायच्या आधी?

हे डॉक्टरांच्या कसं लक्षात आलं नाही? येणार कसं! कधी घड तोडलाय त्यांनी?

छायाला सांगितलं. म्हणाली, अहो, तुम्ही काय द्राक्षाचा घड आहात का? आधी मॅडमना विचारा. विचारतो म्हणालो. विचारणार नाही. तज्ज्ञांना एकदम नवीन गोष्ट सांगितली की ते बिथरतात. ऑपरेशन झकास झाल्यावर सांगीन.

४ डिसेंबर
डोसला जातो सांगून निघालो. छाया सोबत येत होती, तिला म्हणालो, कशाला, नुसतं पडून राहायचं असतं. नाशिक रोडला मावसभावाकडे गेलो, चहा घेतला, चिवडा खाल्ला. तिथून हॉस्पिटलला फोन केला की घरात मयत झाली, डोस नाशिक रोडलाच दुसऱ्या डॉक्टरकडे घेतो. तिकडच्या मुलीने विचारलं, कोण वारलं? समोर मावसभाऊच बसला होता, त्याचंच नाव सांगितलं. मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं. त्याचं भलंच झालं.

१२ डिसेंबर
शरीर स्वच्छ होत असल्याचं स्पष्ट जाणवतं. हलकं वाटतं. सिगारेट दोन. औषध नाही म्हटल्यावर तेवढी मुभा आहे.

१८ डिसेंबर
पोटात कळा. बाथरूमच्या फेऱ्या. साठलेला अंश बाहेर पडत असणार.

२१ डिसेंबर
रक्त पडलं. अंश बराच होता म्हणायचा.

२४ डिसेंबर
गल्ल्यावर बसवत नाही. महेश म्हणाला, मॅडमना फोन लावू का? खबरदार म्हणालो. आता फोन केला तर डोसचं बिंग फुटेल.

त्यापेक्षा सोपा उपाय माझ्याकडे आहे. पूर्वी, बायोलॉजिकच्या आधी, स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. दोन दिवसांत आराम. गेणू मेडिकलवाला म्हणाला, भाऊ, चिठ्ठी? मी म्हणालो, मी तुला गुलाबावरचं औषध देताना चिठ्ठी मागतो का? गोळ्या काढून दिल्या. ही गोळी म्हणजे बायोलॉजिक नव्हे, त्यामुळे माझ्या नियमात बसते.

२८ डिसेंबर
कळा गायब! उगाच सगळे घाबरवतात.

२ जानेवारी २००८
जुनेच संकल्प पुन्हा. नवे करायची गरज नाही, जुने वापरलेलेच नाहीत.

भूक भयंकर. झोप कमी, पण कर्त्या माणसाला कमीच लागते. गाल भरले. शेजारच्या लंकाबाई म्हणाल्या, भाऊ, तब्येत लय सुधारली, तोंड पुनवेच्या चंद्रावानी दिसतंय. छाया माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असणार.

५ जानेवारी
ऑपरेशनआधीच्या तपासण्या. शुगर वाढलेली. मला कधीच शुगर नव्हती. डॉ. आहेरांनी विचारलं, नवीन काही गोळी? स्टिरॉइड वगैरे? नाही म्हणालो, पेढे खाल्ले. डोस कधी झाला? चार डिसेंबर. तारीख अगदी खरी सांगितली.

डॉ. आहेर म्हणाले, एका फटक्यात जोडून टाकू असं दिसतंय. बघितलं? फवारणी बंद केल्याचा फायदा.

९ जानेवारी
ॲडमिट. भूल देणारे डॉक्टर येऊन गेले. पुन्हा तीच प्रश्नावली. नाही, नाही, नाही. पाठ झालंय.

दुपारी छायाने टॉवेलसाठी माझी बॅग उघडली. दाढीच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं होती. एक पाकीट उचललं आणि बाहेर गेली. चिडली असेल. येईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आली. सोबत देवरे मॅडम, डॉ. आहेर आणि भूलवाले. एवढे डॉक्टर एकदम मी फक्त सत्यनारायणाला बघितलेत, मॅडमच्या दवाखान्याच्या उद्‌घाटनाला.

छायाने नाशिक रोडला फोन करून मावसभाऊ जिवंत असल्याची खात्रीही करून घेतली होती.

मॅडम म्हणाल्या, डोस बंद केल्यामुळेच आतडं पेटलं. शांत आतड्यावर ऑपरेशन करायचं म्हणून तर तारखा बसवल्या होत्या. आणि त्यावर स्टिरॉइड, तेही गुपचूप. त्याने तोंड सुजतं, शुगर वाढते, जखम भरत नाही, जोड सुटू शकतो. भूलवाले म्हणाले, मला माहीत नसताना उद्या टेबलावर तुमचं बीपी कोसळलं असतं, तर कारण शोधेपर्यंत उशीर झाला असता.

शेवटी मी काढणीचं तत्त्व सविस्तर सांगितलं. अंश, कात्री, नापास माल, सगळं. मग डॉ. आहेर म्हणाले, खंडेराव, घड तोडल्यावर तो परत वेलीला जोडायचा नसतो. तुम्हाला जोडायचंय.

वहीचं पहिलं पान काढलं. ‘दोन्ही टोकं जोडावी लागतील’, अक्षर माझंच.

ऑपरेशन पुढे ढकलता येत नाही, आतडं जवळजवळ बंद झालंय. पिशवी लावणार. छाया कोपऱ्यात तोंडाला पदर लावून रडत होती. मी घाबरलो आहे. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

१७ जानेवारी
आहे. मी आहे आणि पिशवीही आहे. ती उन्हाळ्यानंतर काढू म्हणतात, तोवर सिगारेट ओढली तर डॉ. आहेर पुढचं ऑपरेशन करणार नाहीत.

संक्रांत इथेच गेली. छायाने जिभेला तिळगूळ नुसता लावला. पिशवी बदलायला ती नर्सकडून शिकली. बदलताना मी छताकडे बघतो. आज म्हणाली, छतावर काय लिहिलंय का? माझ्याकडे बघा, पुढे तुम्हालाच करायचंय.

२० जानेवारी
गोटीराम शहाळी घेऊन आला. तो जाईपर्यंत झोपेचं सोंग घ्यायचं ठरवलं होतं, पण छायाने त्याला सगळं सांगितलं. मावसभावाच्या चहासकट. डोळे मिटून ऐकणं फार अवघड असतं.

आता हसेल म्हटलं. हसला नाही. अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाला, शेठ, माझ्या तर येलांच्या दोन वळी गेल्या, पुढल्या साली येतील. तुमचं पोट व्हतं वो. इचारायचं ना कुनाला तरी.

तो गेल्यावर महेशला फोन केला. म्हणालो, दुकानातली ती पाटी आजच्या आज उतरव. म्हणाला, नको बाबा, राहू दे. तुमचं सगळं गावभर झालंय, आता लोक ती मुद्दाम वाचायला येतात.

पेंटरने माझं नाव फारच मोठं काढलंय.