आईसाठी छापा-काटा

आप्पा, तुम्ही गेल्यावर घरात नाणं उडवायची वेळ एकदाच आली, आणि ती आईवरून आली. तुम्हाला राग येईल, पण ऐका. रहिमतपूरच्या आपल्या दुकानात भाड्याच्या एकाच बऱ्या सायकलीवर दोन गिऱ्हाइकं अडायची, तेव्हा तुम्ही वंगणाच्या काळ्या हातानं नाणं काढायचात. लगेच टाकायचा मात्र नाहीत. "हरला तर रुसायचं न्हाई. कबूल हाय?" दोघांनी "व्हय" म्हटल्याशिवाय नाणं वर जायचं नाही. अक्काचं आणि माझं भांडणही तुम्ही असंच मिटवायचात. हरली की तिचा ओठ थरथरायचा, पण रुसायची नाही. "लय मानी पोरगी," तुम्ही म्हणायचात.

तर, आई मोरीत घसरून पडली आणि तिला रहिमतपुरात एकटीला ठेवणं जमेना. अक्का म्हणते सांगलीला नेते, मी म्हणतो साताऱ्याला. माझी बायको गेल्यापासून फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नाही, हे मी अक्काला सांगितलं नाही. आईचं करायचंय, एवढंच म्हणालो. ती ऐकेना, मीही ऐकेना. शेवटी स्वयंपाकघरात उभं राहून आम्ही एकमेकांकडून कबूल करून घेतलं. मी छापा मागितला, छापाच पडला. आई खुर्चीवर बसून सगळं बघत होती. तुमच्या फोटोकडे मान वळवून म्हणाली, "आवं, म्या काय भाड्याची सायकल हाय व्हय?" आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन आलो.

इथं ती तिसऱ्या मजल्यावर, मी दिवसभर ऑफिसात. दुपारी फोन केला की पहिल्याच रिंगला उचलते आणि म्हणते, "ठेवू नगंस रं, आजून काय?" अक्काकडे नातवंडं आहेत, शेजारणी आहेत, दारात भाजीवाली येते. तरी अक्का एका शब्दानं तक्रार करत नाही, कबूल केलंय ना. आईही कुरकुरत नाही. "ह्यांच्या रीतीनं ठरलंय," म्हणते. सगळ्यांनी शब्द पाळलाय आप्पा, आणि मला संध्याकाळी घरी जायची लाज वाटायला लागली. तुमच्या रीतीचा पहिल्यांदाच राग आला. दोघांना कबूल आहे का विचारायचात, तिसऱ्याला विचारायचं राहूनच गेलं.

परवा जेवताना ती म्हणाली, "चार दिस सांगलीला जाऊन येऊ का रं?" मी म्हटलं, जा की. आज सकाळी अक्काचा मुलगा गाडी घेऊन आला. आईची पिशवी उचलली तर जड लागली. वर दोन साड्या, खाली थंडीचा स्वेटर, औषधांचा सगळा डबा, आणि तळाशी साडीत गुंडाळलेला तुमचा फोटो. मी चेन लावली, पिशवी गाडीत ठेवली, तिचा पाय नीट आत घेतला.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीला हात लावून उभा होतो, आणि कधी येशील हे मुद्दाम विचारलं नाही. आई माझ्याशी खोटं बोलली असती.