मुंगसाला दूध आणि बेगमबीची अमानत

देवणी, मंगळवार

चिरंजीव वाजिद यास महादेवप्पा गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

तू, अफसाना आणि तुझे चष्म्याचे दुकान तिघेही खुशाल असाल असे धरून चालतो. बेगमबीच्या डाव्या डोळ्याची ऑपरेशननंतरची पट्टी निघाली आणि तिला समोरच्या इमारतीवरची पाटीसुद्धा वाचता येते, हे ऐकून फार आनंद झाला. (किती झाला ते पुढे येईलच.) इकडे सर्व ठीक. आमच्या सौ. दानम्माचे गुडघे दुखायचे तेवढेच दुखतात. आजच्या काळात फोन सोडून पत्र कशाला, असे तुला वाटेल. तुझ्या फोनचा स्पीकर कायम चालू आणि शेजारी तुझी आई बेगमबी बसलेली, म्हणून. तिने पत्र वाचून दाखव म्हटले तर इथपर्यंतच वाच, आणि पुढे नुसता नमस्कार आहे म्हणून सांग.

नांदेडला तुझ्याकडे निघताना तिने आपल्या नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा भिंतीपलीकडून आमच्या परसात आणून सोडले. ती नुसते "सांभाळा" म्हणाली असती तर गोष्ट वेगळी होती. ती म्हणाली, "गुर्जी, ही माझी अमानत हाय." आपल्याकडे अमानत म्हटले की माणूस बांधला गेला. त्यातून आम्ही लिंगायत. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या अंडे उंबऱ्याच्या आत आले नाही, ज्या घराचा कर्ता भूमिती शिकवताना 'अंडाकृती' हा शब्ददेखील जरा हळू उच्चारायचा (तुला आठवत असेल, तू मागच्या बाकावरून "गुरुजी, ऐकू येईना" म्हणायचास), त्या घराच्या परसात मी सकाळी उठून मुठीत ज्वारी घेऊन "ती ती ती" करत फिरू लागलो. त्यांतली काळी शहजादी तेव्हा खुडूक होऊन न्हाणीमागच्या कोपऱ्यात अंड्यांवर बसली होती. तिच्याजवळ गेले की ती माझ्याकडे अशी बघायची, की शाळा तपासायला आलेल्या साहेबांनीसुद्धा कधी तसे बघितले नाही.

पहिल्या आठवड्यात बाकीच्या कोंबड्यांची अंडी जाऊ लागली. धुण्याच्या दगडापाशी नुसती टरफले. गुंडप्पाला बोलावले. (जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होता, निवृत्तीनंतर स्वतःच स्वतःला डॉक्टर केले.) त्याने टरफल हुंगून सांगितले, "सापाचं काम हाय." आणि योगायोग बघ, त्याच दुपारी पेरूखालून मुंगूस गेले. दानम्मा आनंदाने ओरडली, "अवो, मुंगूस! लई शुभ हाय!" लहानपणी आपण सगळेच मुंगसाला तोंड दाखव म्हणून रामाची शपथ घालायचो. हे तर शपथेशिवाय तोंड दाखवत होते. आता सापाची खैर नाही, म्हणून दानम्माने त्याच्यासाठी वाटीभर दूध ठेवले. संध्याकाळी वाटी लख्ख.

पुढच्या आठवड्यात दोन तांबड्या कोंबड्या गेल्या. गुंडप्पा म्हणाला, "साप लई मोठा हाय गुर्जी, एकटं मुंगूस पुरं पडंना त्याला." म्हणून आम्ही दूध दुप्पट केले. तिसरी गेली तेव्हा गुंडप्पा अजगरावर आला होता आणि आम्ही दुधात साखर घालण्याच्या विचारात होतो.

मग शुक्रवारी दुपारी मी परसात गेलो, तर ते मुंगूस धुण्याच्या दगडाकडे पाठ करून उभे. पुढच्या पायांत अंडे. त्याने ते मागच्या दोन पायांमधून असे नेमके दगडावर फेकले, की टक्‌ करून फुटले. वळून शांतपणे खाल्ले. तोंड पुसले. वाजिद, मी जागच्या जागी थक्क झालो. राग नंतर आला, आधी कौतुकच वाटले. ना हत्यार, ना गुरू, आणि एकही नेम चुकत नाही! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे ही म्हण मी चौतीस वर्षे फळ्यावर लिहिली, पण किल्ल्यांबरोबर दूधही देणारा मीच पहिला असेन.

आता खरी गोष्ट. परवा शहजादी आपली आठ पिले घेऊन परसात हिंडत होती आणि मुंगूस पेरूखालून आले. मी काठी घेऊन धावलो, पण माझे धावणे तुला माहीत आहे. वाटले, आता ती उडून भिंतीवर बसेल. ती नाही बसली. तिने कसला तरी एकच आवाज काढला आणि आठही पिले दगडाच्या फटीत गडप झाली. मग अंगावरचे पीस न् पीस उभे करून ती घमेल्याएवढी झाली आणि सरळ त्याच्या तोंडावर गेली. जे नागाला भीत नाही त्याच्या तोंडावर! पंख, नखे, चोच, धुरळा, काही कळेना. धुरळा बसला तेव्हा मुंगूस भिंतीवरून पलीकडे जात होते, आणि शहजादी एक पंख लोंबत ठेवून पिलांना हाक मारत होती. मी काठीसकट हात जोडून उभा होतो. 'शौर्य' या विषयावर मी मुलांकडून किती निबंध लिहून घेतले असतील! एकालाही ते काय असते ठाऊक नव्हते, मला तर नव्हतेच. खोटे कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आले. पंखाला हळद लावली आहे. लावू दिली, हे माझे भाग्य.

सर्वांना आशीर्वाद. कळावे.

तुझा,
महादेवप्पा गुरुजी

ता. क. – खरे काम राहिलेच. गेलेल्या तीन कोंबड्यांच्या जागी उदगीरच्या बाजारातून हुबेहूब तशाच तीन तांबड्या आणल्या आहेत. (जन्मभर पोरांना कॉपी करू नका म्हणणारा मी!) बेगमबीच्या जुन्या नजरेला त्या सहज खपल्या असत्या. तेव्हा डॉक्टरांना सांगून उजव्या डोळ्याचे ऑपरेशन थोडे पुढे ढकलता येईल का? एका डोळ्याला मी कसेबसे चकवीन. दोन डोळ्यांपुढे माझा निभाव लागायचा नाही.

ता. क. दुसरे – पाकीट चिकटवताना दानम्मा हसत सुटली. ती रोज दुपारी बेगमबीला फोन करते आणि दूध दुप्पट केल्यापासूनचे सगळे तिला ठाऊक आहे. बेगमबी म्हणाली म्हणे, "मुंगूस दर साली चार-पाच नेतंच. गुर्जींनी सहा राखल्या? लई झालं! शहजादी हाय न्हवं?" तेव्हा ऑपरेशन ठरल्या दिवशीच होऊ दे. शहजादीला तिने दोन्ही डोळ्यांनी बघितलेच पाहिजे.

फक्त एक विचार. अमानत सहांवरच पुरी झाली, तर त्या तीन उदगिरी कोंबड्या माझ्याच ठरतात, असे दानम्मा म्हणते. महादेवप्पाच्या मालकीच्या कोंबड्या! त्यातली एक आज सकाळपासून माझ्या पुस्तकांच्या पेटीवर खुडूक बसली आहे. बेगमबीला विचार, मी त्या तिच्याकडे अमानत ठेवल्या तर चालेल का?