परवान्याचं पुस्तक

आबा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी काही लिहायची वेळ आली नाही. आज दुकान बंद केलं आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर स्वतःच बसले. म्हटलं, हे सांगायचं तर तुम्हालाच. माझं दुकान तुम्ही पाहिलेलं नाही. इंदापुरात तहसील कचेरीच्या समोरच आहे, एक कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लोकांचे सगळे अर्ज मी भरून देते. गेले दोन महिने मात्र एक नवाच अर्ज चालू आहे, बंदुकीच्या परवान्याचा. उसात बिबटे आलेत, आबा. कन्हेरीत आपल्या बांधावर त्याचे ठसे उमटतात. आपलं कुत्रं नेलं त्यानं, गोठ्यापासून हाकेच्या अंतरावरून.

बाकावर रोज वाद रंगतो. परवा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "अर्ज करून वरीस वरीस वाट बघायची. तवर बिबट्या थांबणार हाय व्हय? मिळंल तशी घ्यायची अन् बाळगायची." शेजारी बसलेले एक रिटायर मास्तर शांतपणे म्हणाले, "घे की. मग बांधावरनं भांडण झालं की बिबट्याच्या आधी तुझा चुलतभाऊच मरायचा." दोघांचं ऐकत मी टाइप करत होते. मला दोघांचंही पटत होतं. दुसऱ्याच्या घरातला वाद असला की आपल्याला सगळ्यांचंच पटतं.

सोमवारी आपला धाकटा आला. "आक्का, माझा बी अर्ज भर," म्हणाला. मी भरायला घेतला. दुकान रिकामं झाल्यावर तो खुर्ची सरकवून जवळ आला आणि हळूच म्हणाला, की एकानं गावठी कट्टा द्यायचं कबूल केलंय, शनिवारी आणून देणार आहे. "परवाना येईल तवा येईल. तवर रातच्याला उसाला पाणी द्यायला जाताना कंबरंला लावतो."

"आणि कुणी धरलं म्हणजे?"

"कोण धरतंय? बिबट्या काय परवाना इचारून येतो व्हय?"

माझे हात कीबोर्डवरच थांबले. त्याला दोन लहान मुली आहेत, आबा. आपला हा दीडशहाणा कमरेला कट्टा लावून मोटारसायकलवर चाललाय, नाक्यावर पोलीस उभे आहेत, आणि त्यानंतर त्या पोरी बापाला भेटायला तुरुंगात जातायत, हे सगळं मला लख्ख दिसलं. ओरडून उपयोग नव्हता. लहानपणापासून ओरडलं की तो उलटंच करतो, तुम्हाला माहीतच आहे. मग मी त्याला त्या दिवसाची गोष्ट सांगितली. तेव्हा तो दुसरीत होता, त्याला काहीच आठवत नव्हतं.

मी दहावीत होते. तुम्ही बँकेच्या इंदापूर शाखेत गार्ड. रोज सकाळी कन्हेरीहून बारामतीला येऊन एसटीनं जायचात, बारा बोअरची बंदूक कॅनव्हासच्या खोळीत आणि परवान्याचं पुस्तक खाकी शर्टाच्या खिशात. त्या दिवशी शर्टाला इस्त्री मी केली होती. पुस्तक खिशातून काढून ट्रंकेवर ठेवलं आणि परत घालायचं विसरले. तुम्ही इंदापूरच्या स्टँडवर उतरलात, खिसा चाचपलात. बँक तिथून दोन मिनिटांवर. आठ वर्षं त्याच रस्त्यानं चाललेले तुम्ही, सगळे ओळखीचे. पण तुम्ही बँकेकडे वळलाच नाहीत. सरळ पोलीस ठाण्यात गेलात, बंदूक हवालदाराच्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "पुस्तक घरी राहिलंय. ते येईस्तवर ही तुमच्याकडं असू द्या." मग आपल्या गावातल्या किराणा दुकानात फोन केलात. मी पुस्तक दप्तरात घालून, मिळेल ती गाडी पकडून पोहोचले, तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. तुम्ही ठाण्यातल्या बाकावर ताठ बसलेले. पोलीस हसत होते, "या बाबाला काय म्हणावं." बँकेत मॅनेजरनं सगळ्यांसमोर तुम्हाला सुनावलं. मी दारात उभी होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "इसरलो, साहेब." माझं नाव घेतलं नाहीत.

संध्याकाळी परत येताना स्टँडवर मला भजी घेऊन दिलीत. तेवढ्यानं मी धीट झाले आणि म्हणाले, "दोन पावलांवर तर बँक होती. गेला असतात तर कुणाला कळलं असतं?" तुमचा हात भज्याच्या कागदावरच थांबला. म्हणालात, "कुणाला कळतंय ते बघून वागणार असशील, तर त्या खोळीला हात लावू नगंस. खांद्यावर बंदूक बघून माणसं बिचकत्यात. ह्यो माणूस कोण, कुठला, कशापायी बाळगतो, हे कुणीतरी इचारून सही केलीया, म्हणून ती मला जवळनं जाऊ देत्यात. सही घरी राहिली तर मी नुसता बंदूकवाला." मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ते पुस्तक माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "रोज तूच देत जा." चुकलेल्या पोरीच्या हातात तीच वस्तू परत देणारा बाप मला मिळाला. पुढं शिकून मी कागदाचंच काम धरलं, कुठल्याही साहेबाच्या टेबलासमोर मान वर करून उभी राहते, ते त्या सकाळपासून. हे तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं.

ऐकून झाल्यावर धाकटा म्हणाला, "आबांनी मला हे कधी सांगितलं न्हाय."

"तुला कशाला सांगतील? चूक माझी होती."

त्यानं खिशातून फोन काढला. माझ्यासमोरच त्या माणसाला म्हणाला, "नगं मला. न्हाय, पैशाचं न्हाय. नगं म्हंजे नगं." मग अर्जावर सही केली. पाण्याला एकट्यानं जायचं नाही, शेजारच्या पोपटरावांना सोबत घ्यायचं, बॅटरी आणि फटाके जवळ ठेवायचे, एवढं त्यानं कबूल केलं. दारापर्यंत गेला आणि मागं वळून विचारलं, "आक्का, आबांच्या बंदुकीचं समदं जमा केलं होतंस न्हवं? काय राह्यलं न्हाय ना घरात?"

मी म्हणाले, "समदं."

नाही, आबा. तुम्ही गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा करायला मीच गेले होते. आदल्या दिवशी तुमचा शर्ट घडी करताना खिशात एक काडतूस सापडलं. लाल नळी, खाली पितळ, आणि तुमच्या अंगठ्यानं घासून पुसट झालेली अक्षरं. ते द्यायला माझा जीव झाला नाही. हवालदारानं मोजून बघितलं, म्हणाला, "एक कमी भरतंय." मी पापणी न लववता सांगितलं, सरावात उडवलं असेल. हवालदार तोच, त्या दिवशी ठाण्यात तुम्हाला हसलेला, तोवर केस पिकलेला. म्हणाला, "तुमी त्यांची पोरगी. ल्हितो तसं." बारा वर्षं ते काडतूस माझ्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात आहे. परवाना कुठला? एवढ्या वर्षांत कितीदा डबा उघडला, हातात धरलं, परत ठेवलं. आणि सोमवारी तुमची गोष्ट सांगून भावाला शहाणं केलं.

ते आता माझ्या पर्समध्ये आहे, रुमालात गुंडाळून. हे पत्र डब्यात ठेवेन, त्याच्या जागी. उद्या दुकान उघडण्याआधी ठाण्यात जाऊन टेबलावर ठेवायचं आणि खरं काय ते सांगायचं ठरवलंय. पुढं काय व्हायचं ते होईल. फक्त एक तुमच्यापाशी कबूल करते, आबा. हे मी काल पण ठरवलं होतं.