आपत्ती पेटी, एकूण नग तेवीस

रविवार, ४ सप्टेंबर १९९४. सकाळी ६.४०
काल भुसावळहून भाच्याचं, विश्वासचं पत्र आलं. अक्काचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. "मामा, आई रोज तुमचं नाव काढते. लवकर या."

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. न्हाऊमाखू घातलं ते अक्कानंच. जायलाच हवं, प्रश्नच नाही.

वसुधा म्हणाली, आजच निघू. बायकोचं हे असं! अठरा तासांचा प्रवास, बरोबर अकरा वर्षांची पोर, आमची अवनी, तिकडे आजारी माणूस. पूर्वतयारी नको? लखनौच्या औषध संशोधन संस्थेच्या स्टोअर्समध्ये सतरा वर्षं काढलीत मी. १८ तारखेच्या पुष्पक एक्सप्रेसची तिकिटं काढली.

मंगळवार, ६ सप्टेंबर
यादी पूर्ण. एकूण नग तेवीस. च्यवनप्राश, अश्वगंधा, शतावरी, त्रिफळा, इसबगोल, बी-कॉम्प्लेक्स, व्हिटॅमिन सी, माशाच्या तेलाच्या गोळ्या, गुळवेल (इथं गिलोय म्हणतात) वगैरे. निम्मे नग अक्काच्या ताकदीसाठी, निम्मे वाटेतल्या संकटांसाठी.

निशातगंजच्या पंसाऱ्यानं, जडीबुटीच्या दुकानदारानं, विचारलं, भाईसाहब, दुकान खोल रहे हैं क्या? माणूस आदरानं बोलला.

शुक्रवार, ९ सप्टेंबर. गणेश चतुर्थी
निर्णय : जे अक्काला द्यायचं ते आधी स्वतः घेऊन बघायचं. पंधरा दिवस, रोज, सगळं. याला ट्रायल म्हणतात. वसुधा यातलं काही घेत नाही, म्हणून तुलनेसाठी तिला कंट्रोल ग्रुप धरलंय. तिला सांगितलेलं नाही.

मोदक सात. (ट्रायलमध्ये धरले नाहीत.)

रविवार, ११ सप्टेंबर
लघवी हळदीसारखी पिवळी. कावीळ! तसाच महानगर मोहल्ल्यात डॉ. सत्यजितांकडे गेलो. आमच्या संस्थेतले मोठे शास्त्रज्ञ, मूळचे साताऱ्याचे. हसतच सुटले. म्हणाले, नरेंद्रराव, बी-कॉम्प्लेक्स घेताय ना, मग होणारच पिवळी. ते सगळं ठेवा आणि बहिणीला भेटून या आधी.

शास्त्रज्ञ लोक पुस्तकी. व्यवहार कळत नाही.

शनिवार, १७ सप्टेंबर
त्रिफळा आणि इसबगोल एकाच दिवशी वाढवून पाहिलं. सविस्तर लिहिण्यासारखं नाही. सकाळपासून अकरा वेळा. उद्याची तिकिटं रद्द. तशीही ट्रायल २३लाच संपणार होती. कंट्रोल ग्रुपची तब्येत उत्तम आहे. बोलत मात्र नाही.

अक्काला त्या अवस्थेत बघायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. (इसबगोलमुळं असावं.)

मंगळवार, २० सप्टेंबर
स्टोअर्समधून काचसामानाची रिकामी लाकडी पेटी आणली, साहेबांना विचारून. तेवीस नग बसवले, ट्रायलपुरतं थोडं थोडं बाहेर ठेवलं, झाकण ठोकलं, लाख लावली. आता प्रवासातच उघडायची. झाकणाला हात घालायला भोक आहे तेवढंच. वर मोठ्या अक्षरात लिहिलं : आपत्ती पेटी.

अवनी बघत होती. मराठी सगळं कळतं हिला, पण उत्तर कायम हिंदीत. विचारलं, बाबा, ये सबके लिए है? म्हटलं, हो, घरातल्या सगळ्यांसाठी. आपत्ती कुणालाही येऊ शकते. खूश झाली. पेन आणून माझी दीर्घ 'ती' खोडून ऱ्हस्व केली. हिंदी शाळेत घातल्याचा परिणाम.

रविवार, २५ सप्टेंबर
सुरतेत प्लेग! पेपरात दुसरं काही नाही. स्टेशनवर लोक नाकाला रुमाल बांधून उतरताहेत म्हणे. बघा, मी म्हणत नव्हतो? पूर्वतयारी!

वसुधा म्हणाली, पुष्पक सुरतेवरून जातच नाही. अवनीचा नकाशा काढून बोटानं दाखवलं. बरोबर होतं. पण साथीला कुठे नकाशा कळतो?

मंगळवार, २७ सप्टेंबर
शेजारच्या चौबेजींकडे अक्काचा फोन आला. आवाज अगदी बारीक. म्हणाली, नरू, काही आणू नकोस रे. तू ये.

आजारी माणूस असंच म्हणतं. शतावरीची आणखी एक बाटली घेतली, पेटीबाहेर ठेवायला. १७ तारखेच्या गडबडीमुळं ट्रायल फुकट गेली. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस. तरी ९ ऑक्टोबरची तिकिटं काढून ठेवली. माझी तयारी नाही असं कुणी म्हणायला नको.

शनिवार, ८ ऑक्टोबर
उद्याची तिकिटं रद्द केली. ट्रायलचे चार दिवस बाकी आहेत. अर्धवट तपासलेलं औषध सख्ख्या बहिणीला द्यायचं? आता १६ची. दसराही घरी होईल.

वसुधानं बांधलेली बॅग सोडून कपडे कपाटात ठेवले. अवनीनं वहीचं पान फाडून मागितलं. दिलं.

लहानपणी मला विषमज्वर झाला तेव्हा अक्का एकवीस दिवस उशाशी बसली होती. तिच्याजवळ तेव्हा एकही नग नव्हता. आज हे का आठवलं कुणास ठाऊक.

बुधवार, १२ ऑक्टोबर
ट्रायल यशस्वी! पंधरा दिवस पूर्ण. वजन दीड किलोनं कमी, बाकी ठणठणीत. पेटी तयार. मी तयार. आता जगातली कुठलीही आपत्ती येऊ दे.

गुरुवार, १३ ऑक्टोबर. सकाळी ९.१५
चौबेजींकडे विश्वासचा फोन. अक्का गेली. पहाटे.

शनिवार, १५ ऑक्टोबर. भुसावळ
परवा संध्याकाळीच पेटीसकट निघालो. प्लेगच्या भीतीनं डबा निम्मा रिकामा होता. काल दुपारी पोचलो. सगळं आदल्या दिवशीच आटपलं होतं. मला शेवटचं बघायलाही मिळालं नाही.

विश्वास रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, मामा, आईनं पलंग दाराकडे तोंड करून घ्यायला लावला होता. घरात रुळांचा आवाज येतो ना. दुपारी पुष्पक गेली की विचारायची, नरू आला का?

आज विश्वासचं डोकं चढलं. रडून रडून. अवनी म्हणाली, बाबा की पेटी में होगी. झाकण उचकटलं. तेवीस नग. डोकेदुखीची साधी गोळी एकही नाही.

बाटल्यांच्या फटीत चिठ्ठ्या होत्या. चार. भोकातून टाकलेल्या. अवनीचं अक्षर.

"आपत्ति १. बाबा, आत्या बीमार है और हम लोग गए नहीं।"
"आपत्ति २. पुष्पक सूरत नहीं जाती।"
"आपत्ति ३. आत्या ने कहा कुछ मत लाना, फिर भी आप बाज़ार गए।"
चौथी ९ तारखेची. "आपत्ति ४. आज हमारी सीट ख़ाली गई।"

हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. पोरीला वाटलं, बाबांनी घरच्यांच्या हरकती टाकायला पेटी ठेवलीय. सतरा वर्षं लखनौत काढून हे माझ्या डोक्यात आलं नाही. वसुधाला माहीत होतं. म्हणाली, वाटलं होतं, कधीतरी उघडाल.

दुपारी पुष्पक गेली. घरात कुणीच काही विचारलं नाही.

मग मीही एक कागद घेतला. वर लिहिलं, 'आपत्ति ५', ऱ्हस्व. खाली लिहिलं, मला भीती वाटत होती. अक्काला मरताना बघायची. पेटीत टाकायच्या आधी अवनीला दाखवला. तिनं दोनदा वाचला. म्हणाली, बाबा, ये आपत्ति नहीं है. ये तो वजह है.

पोरगी हिंदी शाळेतली आहे. तिचंच बरोबर असणार.