दीड लिटरचा कुकर

अण्णा, गेल्या आठवड्यात भांड्यांच्या दुकानात दीड लिटरचा कुकर हातात घेऊन मी कितीतरी वेळ उभी होते. दुकानदाराला वाटलं, बाई घासाघीस करायच्या विचारात आहेत. मी विचार करत होते तुमचा. तुम्ही असतात तर हा कुकर दिला असतात का, आणि दिला असतात तर कसा, एवढंच मला हवं होतं. चाचांच्या मुलीसाठी घेत होते मी तो. आपल्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत समोर राहणारे चाचा, त्यांची थोरली, माझ्या वर्गातली. नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन माहेरच्या त्याच घरात परत आली, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यानंतरचं आहे हे सगळं.

तुमची द्यायची रीत आम्हाला लहानपणी विचित्र वाटायची. कुणाचं लग्न असो, बारसं असो, आई म्हणायची, बाजारात जाऊन काहीतरी घेऊन या. तुम्ही म्हणायचात, "दुकानात जाऊन काय बघायचं? आधी त्याच्या घरी जाऊन बसतो की जरा." आणि खरंच जाऊन बसायचात. चहा प्यायचात, इकडचं तिकडचं बोलायचात, आणि येताना तुमच्या डोक्यात काहीतरी ठरलेलं असायचं. वैरागच्या मावशीची नजर कमी झाली तेव्हा तुम्ही तिला साडी नेली नाहीत. मशीनच्या रिळांमधले रंगीबेरंगी दोरे सुयांमध्ये ओवून, त्या सगळ्या सुया एका कापडी उशीत टोचून नेल्यात. मावशी हसली, म्हणाली, "आता शिवायलाच लागतंय की, भावजी. सांगायला निमित्त ऱ्हायलं न्हाय." त्यानंतर वैरागला जाताना दर वेळी तुम्ही रिकाम्या झालेल्या सुया पुन्हा ओवून द्यायचात. आईला त्याची लाज वाटायची. एवढ्या लांब जायचं आणि सुया न्यायच्या!

पण मला सारखा आठवतो तो चाचांचा शर्ट. चाचा ट्रक चालवायचे. मोठा आवाज, मोठं हसणं. गल्लीत आले की आम्हा पोरांना कळायचं. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. जीव वाचला, चालायलाही लागले, पण उजवा हात लोंबता राहिला. आणि त्यांनी घराबाहेर येणं सोडलं. आम्हाला वाटायचं अशक्तपणा असेल. तुम्ही एका संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसलात आणि आल्यावर आईला हळू आवाजात सांगितलंत. चाची त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होती, ते मान भिंतीकडे करून उभे होते, आणि तुम्हाला बघून त्यांनी डोळे मिटून घेतले. "गाडीवानाला बायकोनं बटनं लावायची," तुम्ही म्हणालात, "म्हणून बसलाय आत." तुम्ही युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर. त्या रविवारी दिवसभर आपल्या घरातल्या मशीनवर बसलात. मला आठवतंय, मी पायापाशी चिंध्या वेचत होते आणि तुम्ही शर्टाच्या पट्टीला आतून ती दप्तरांना लावतात तसली, चर्रकन उघडणारी चिकटपट्टी शिवत होतात. वरून काजं केलीत आणि त्या काजांवरच बटणं पक्की शिवून टाकलीत. लांबून बघणाऱ्याला साधा शर्ट. घालणाऱ्याने डाव्या हाताने छातीवरून दाबत गेलं की झालं.

मी विचारलं, "हे कसं घालायचं ते चाचांना सांगायचं ना?" तुम्ही जरा रागानेच बघितलंत माझ्याकडे. "सांगायचं कशाला? त्याला डोकं हाय की." मग तुम्ही दुसरा शर्ट कापायला घेतलात. तसाच, त्याच कापडाचा, तुमच्या मापाचा. ईदच्या दिवशी तो स्वतः घालून तुम्ही त्यांच्याकडे गेलात, मी तुमचं बोट धरून. तुम्ही पिशवीतून त्यांचा शर्ट काढलात आणि तुमच्या छातीवरची पट्टी चर्रकन उघडून दाखवलीत. चाचा म्हणाले, "मास्तर, तुमारे तो दोनों हात चंगे हैं. तुमको कायको ऐसा?" तुम्ही म्हणालात, "सकाळी उशीर होतोय हो कामाला. बटनं लावत कोण बसतंय?" चाचांनी शर्ट घेतला. आत गेले. बाहेर आले ते शर्ट घालून, एकटे घालून. दारापर्यंत आले, मग पायरीवर, मग तुमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत. चाची दारात उभी राहून बघत होती आणि पदर तोंडात धरून रडत होती.

आता त्यांच्या मुलीचं सांगते. तिने एकटीने लेकीला शिकवलं, यंदा तिचं लग्न लावून दिलं. लेक हैदराबादला गेली. लग्नात देणारे सगळे नवरीला देत होते, मीही चादर दिली. चार-आठ दिवसांनी सहज गेले तर ही भर दुपारी चहात पाव बुडवून खात बसलेली. मोठा कुकर फळीवर पालथा. मी ओरडले तिला. ती म्हणाली, "एकटीचं काय शिजवू गं? त्या मोठ्याच्या तळाला मूठभर डाळ टाकली की जळतीया." बोलली आणि विषय बदलला. मी मात्र तिथून निघाले ते दुकानातच गेले. घरी आणल्यावर आमच्या ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे नको देऊ. तू आता एकटी झालीस, असं सांगितल्यासारखं होईल." ते बरोबर बोलत होते. तुमच्या शर्टावर निदान वरून बटणं होती. कुकरचं बारकेपण मी कशाखाली झाकू? आमच्याकडे एक जास्तीचा होता, असं खोटं बोलायचं ठरवून गेले मी. पण खोक्याची पट्टीसुद्धा फुटलेली नव्हती, ते खोटं सांगायला जागाच उरली नाही.

तिने खोकं उघडलं. कुकर बाहेर काढला, हातात फिरवला आणि तिचा चेहराच उतरला. "लेकरू गेलं माझं, ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तू आनि भांडं घिऊन सांगायला आलीस व्हय?" तिने तो परत खोक्यात घातला, कपाटावर ठेवला, चहा टाकला. आम्ही चहा प्यायलो. अण्णा, इतका गप्प चहा आम्ही दोघींनी कधी प्यायला नव्हता. मी निघाले तेव्हा मात्र ती दारापर्यंत आली आणि एकदम म्हणाली, "अब्बांना समजत होतं बरं का. तुमच्या अण्णांच्या शर्टाचं. ते म्हनायचे, मास्तर झूट बोलता, पन सिलाई सच्ची करता." आणि दार लावून घेतलं. मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते. तुम्हाला हे कधी कळलं होतं का? चाचांना तुमचं खोटं कळलेलं होतं, आणि तरी ते तो शर्ट घालून तुमच्याबरोबर चहाला येत राहिले. मला वाटतं, तुमच्या द्यायच्या इतकंच त्यांचं ते घेणंही मोठं होतं.

मग काही दिवस मी तिच्याकडे गेले नाही. फोन करावासा वाटायचा आणि हात मागे यायचा. आज सकाळी भाजी निवडत होते तर तिचाच फोन. हॅलो नाही, काही नाही. "ह्या बारक्याला तूरडाळीला किती शिट्ट्या गं?" मी म्हणाले, "तीन." ती म्हणाली, "तीन केल्या. टणक ऱ्हायली." "मग अजून एक कर." पलीकडे गॅस पेटवल्याचा आवाज आला. मी फोन कानाला धरूनच ठेवला. मग शिट्टी झाली, बारीक, लहान पोराने ओठांनी वाजवावी तशी, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला. म्हणाली, "ये जेवाया. दोघींना पुरतीया डाळ." मी भाजी तशीच टाकून गेले. कांदा फोडून घेतला, भाकरी होती, तिने लसणाची चटणी काढली. लेकीचं बोललो, हैदराबादच्या उन्हाचं बोललो. कुकरचं कुणीच काढलं नाही.

हे तुम्हाला लिहायला बसले, तेव्हा वाटलं होतं तिची गोष्ट सांगायची आहे. तशी सांगून झाली. हा कागद मी घडी करून फळीवरच्या वर्तमानपत्राखाली सरकवून देईन, दुसरं काय करणार. पण खरं सांगू का अण्णा? तिच्याकडून जेवून आले, पोट भरलं होतं, मन भरलं होतं, आणि तरी मी तुम्हाला लिहायला बसले, कारण मला तुमच्याकडून "बरं केलंस" एवढं ऐकायचं होतं. एवढी केस पांढरे झालेली बाई मी. तरी ऐकायचं होतं.