फळ्यावरचे आठ कोळी

३ जुलै, गुरु.
दादाला सांगून सांगून थकले. नेट लागलेलं आसताना फोन उचलू नगं. आज परत उचलला. ऑक्टोपसचं पान वरून अर्धं आलं व्हतं, आन् खल्लास. परत मोडेमचं ते कीं-खर्र-खर्र पयल्यापासून. त्याला तीन हृदयं आसतात येवढंच घावलं. तेवढंच फळ्यावर लिव्हलं.

दुकान दादाचं, एसटीडी आन् आता नेट. पन भायेरचा फळा मपला, मीच लिव्हते. आधी त्याच्यावर नुसते दर व्हते. दर वाचाय कोन थांबतंय? आता थांबतात.

बाजूचे मन्मथप्पा, किरानावाले, सगळ्यांचे आप्पा, रोज शटर उघडायच्या आधी फळा वाचतात. मोठ्यानं, चष्मा कपाळावर ढकलून. आज म्हनले, "तीन? आन् आमच्या सूनबाईला एक बी न्हाई!" मी आत हासले. भायेर न्हाई गेले.

५ जुलै, शनि.
कालेजच्या पोरांनी इचारलं, फळा कोन लिव्हतं. दादा म्हनला, "मीच की."

मी तिथंच बसले व्हते! मॉनिटरच्या मागं. पोरं गेल्यावर म्हनले, खोटं काऊन बोललास? तर म्हने, "तुजं नाव घेतलं आसतं तर त्यांनी तुला काय काय इचारलं आसतं. बोलली आसतीस?"

न्हाई बोलले आसते. नववीत बाईंनी उभं करून धडा वाचाय लावला, तोंडातून शब्द फुटला न्हाई, सगळा वर्ग हासला. दुसऱ्या दिवशीपासून मी साळंत गेले न्हाई. म्हनून काय मपलं सगळंच दादाचं व्हनार का? तोंडानं न्हाई बोलत. खडूनं बोलते की.

६ जुलै, रवि.
आज सोन्यासारखं घावलं. काळं पान, पिवळी अक्षरं, नुसत्या गमतीच गमती, एकाखाली एक. मधीच हे: मानूस झोपंत वर्षाला आठ कोळी गिळतो. जाळं इनतात ते कोळी! 'स्वॅलो' म्हंजी गिळनं, डिक्शनरीत दोनदा बघितलं. तेच हाय.
उद्याची हीच.

७ जुलै, सोम.


आप्पांनी फळा वाचला. मोठ्यानं. 'आठ'ला थांबले. मग आत आले. "मिलिंद, हे काय लिव्हलंस? गळ्यात लिंग हाय मपल्या. उभ्या जल्मात अंड्याला शिवलो न्हाई. आन् मी कोळी खाल्ले?"

दादा म्हनला, "आप्पा, गंमत हाय ती."

"वर्षाला आठ म्हंजी सत्तर वर्षात…"

"पाचशे साठ, आप्पा," चहावाले खलीलभाई भायेरून वरडले. "आप्पा तर गोश्त खाण्यात आमच्याहून बडे निकले!"

सगळे हासले. आप्पा न्हाई हासले. समोरचा कापडवाला हळूच म्हनला, "यांनी मुद्दाम केलंय." 'यांनी' म्हंजी कोनी, ते अहमदपुरात सांगावं लागत न्हाई. आमी बौद्धवाड्यातले.

दादानं शर्टाच्या बाहीनं फळा पुसला. हात जोडले. दुकानाची जागा आप्पाचीच हाय ना. खडू ड्रॉवरमधी घातले, कुलूप लावलं. "हितून पुढं दर. फक्त दर."

मुद्दाम? मी काय एकट्या आप्पाला दिले का कोळी? मला आठ. आईला आठ. कापडवाल्याला बी आठच. येवढी सारखी वाटनी ह्या गावात आजून दुसऱ्या कशाची झाली न्हाई!

९ जुलै, बुध.
आप्पाची सून आईला नळावर भेटली. आप्पा तोंडाला उपरनं बांधून झोपतात म्हने. झोपतात कसले, खुर्चीत बसूनच आसतात. घराचे, गोदामाचे सगळे कोपरे झाडून घेतले. आन् उपास धरलाय. प्रायश्चित्त.

दादा मला म्हनला, "बग."
काय बग? मी बनवलं का ते? नेटवर हाय. छापल्यासारखं हाय.
जेवन गेलं न्हाई.

१० जुलै, गुरु.
खोटं हाय.
दुसरं पान घावलं. कोनी मोजलेलंच न्हाई. झोपलेल्या मानसाच्या तोंडात कोळी काऊन जाईल, श्वासानंच तो पळतो, आसं सगळं नीट लिव्हलंय. एकानं ठोकून दिलं, दुसऱ्यानं उतरवलं, त्याचं तिसऱ्यानं. आन् शेवटी मी, खडूनं.

लई राग आलाय. तिकडं कोनतरी बसल्या बसल्या फेकतंय, आन् हितं एक म्हातारं मानूस तोंड बांधून उपाशी बसलंय.

दादाला म्हनले खडू दे. एकच ओळ. 'ते खोटं व्हतं.' येवढंच.
"न्हाई."
"मग तू जाऊन सांग."
"त्या कोळ्याचं नाव परत काढायचं न्हाई. जागा खाली कराय सांगितली तर?"

भित्रा. आन् मला म्हनतो बोलत न्हाईस.

११ जुलै, शुक्र.
गेले. मीच गेले.

आप्पा गादीवर. उपरनं नाकापासून खाली. गिऱ्हाईक जाईपर्यंत साखरंच्या पोत्याजवळ उभी राहिले. म्हनले, "आप्पा." मग काईच येईना. नववीतल्यासारखंच.

"बोल की माय."

"ते कोळ्याचं… खोटं हाय."

उपरनं खाली घेतलं. "कोन म्हनतं?"

"नेट."

"आन् खरं हाय म्हनून कोन म्हनलं व्हतं?"

"…नेट."

"मग मी कोनाचं ऐकू? सोमवारच्या नेटचं का आजच्या?"

पन म्हनले, "आजच्याचं. आजच्यानं खोटं काऊन ते बी सांगितलंय. सोमवारच्यानं नुसतं सांगितलं व्हतं."

आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला. "फळा तू लिव्हतीस?"
"हाव."
"मला वाटलं मिलिंद."

मग "बगू" म्हनले. उपरनं परत वर घेतलं. काय बगू? इश्वास बसला का न्हाई? मी येवढं बोलले, आन् 'बगू'!

१४ जुलै, सोम.
सकाळी आप्पा शटरच्या आधी फळ्यापुढं उभे. उपरनं खांद्यावर. राती कुठं व्हतं, ते मला ठाऊक न्हाई. चष्मा वर ढकलून दर वाचले. मोठ्यानं. एसटीडी, आयएसडी, नेट अर्धा तास. सगळे.

मग म्हनले, "मिलिंद, ह्यात गंमत कुठं हाय?"

दादा उठून हात जोडाय लागला.

"तुज्या बहिनीला इचारतोय. लिव्हनारी ती हाय ना?"

खलीलभाईंनी गाळनी तशीच धरली. कापडवाला कापड मोजायचा गज हातात घेऊन दारात आला. दादानं खिशात हात घातला, चावी हाय त्याच खिशात, आन् तिथंच ठिवला.

मी उठून दारात गेले. म्हनले, "एक हाय. पन आजून एकाच पानावर घावलीय. दुसऱ्या पानावर घावली तरच लिव्हीन."

"हुडक मग," आप्पा म्हनले. शटर उघडाय गेले न्हाईत. तिथंच उभे.

नेट लावलं. कीं-खर्र-खर्र. तेवढ्यात एक गिऱ्हाईक एसटीडी लावाय आलं. दादानं मपल्याकडं बघितलं. एक हात फोनवर, दुसरा आजून खिशातल्या चावीवर.